चंद्रप्रकाशांची उल्का

कांदिवलीच्या सागरछाया इमारतीच्या फाटकावर चंद्रप्रकाशांचा फोटो लागला होता. डोळ्यांवर गॉगल, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आकाशीच्या पाहुण्याचे यजमान’. मंडळाच्या राजेशने दगडाच्या तपासणीचा निकाल यायच्या आधीच फ्लेक्स छापून घेतला होता. संध्याकाळी सत्कार होता, शाल-श्रीफळासकट. त्याच फोटोखालून सकाळी चंद्रप्रकाश आणि शेवंती दगड घेऊन निघाले. दगड शेवंतीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला, तान्हं बाळ गुंडाळावं तसा.

होळीनंतरच्या एका तिन्हीसांजेला हिरवा उजेड आभाळातून ओघळताना निम्म्या कांदिवलीने पाहिला. चंद्रप्रकाश तेव्हा दुधाच्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी टाकीचा नळ बघायला ते गच्चीवर गेले, तर कठड्याशी हा दिसला. काळा, खडबडीत, आकारापेक्षा जड. फ्रिजवरचं लोहचुंबक टक्कन चिकटलं. कंपनी बंद पडल्यापासून घरातल्या खुर्चीसारखे झालेले चंद्रप्रकाश त्या दिवशी उठले. वाचू लागले, फोटो काढू लागले, मुलांना जमवून सूर्यमाला समजावू लागले. शेवंतीने एकदा दगड उचलायला हात पुढे केला, तेव्हा म्हणाले, तुझे पिठाचे हात लावू नकोस गं त्याला. तिने हात पदराला पुसले.

उल्का तपासणाऱ्या संस्थेत मात्र त्यांच्या फोटोंना कुणी विचारेना. शेवटी त्यांनी मेलमध्ये एक ओळ घातली, ‘मी व माझ्या पत्नीने हा दगड पडताना पाहिला.’ लगेच उत्तर आलं, घेऊन या.

संस्थेतल्या शर्मिष्ठा मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी चहा मागवला, मग विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलात पडताना?"

"हो. आम्ही दोघांनी."

मॅडमनी शेवंतीकडे पाहिलं. तिची नजर स्वतःच्या चपलांवर होती.

"पाहिला," ती म्हणाली.

साध्या हळदीकुंकवालाही ज्या बाईने कधी खोटं कारण सांगून दांडी मारली नव्हती, ती म्हणाली. चंद्रप्रकाशांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मॅडमनी दगड भिंगाखाली धरला. बारीक भोकांतून सुईने काहीतरी पांढुरकं काढलं, बोटांवर चोळलं, वास घेतला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, हे उडदाचं पीठ आहे. आणि हा मिऱ्याचा कण."

दगडही आकाशातला नव्हता. लोखंड गाळताना वर येणारा मळ भट्टीबाहेर टाकतात, तो थिजून असा होतो. त्यात लोखंडाचा अंश उरतो, म्हणून चुंबक चिकटतं. पूर्वी जवळपास कुठे कारखाना असेल, असं मॅडम म्हणाल्या. पडताना पाहिल्याचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रिक्षात दगड मांडीवर होता. बराच रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

शेवंतीच्या तोंडी माहेरची बोली आली, मन दुखलं की येते तशी. "तुमका इतक्या वर्सांनी कायतरी गावला होता. ता माका मोडूक जमूक नाय."

आणि त्यांना ओवी आठवली. दर उन्हाळ्यात पापड लाटताना ती म्हणायची, आणि ते पलीकडे पेपर वाचत बसलेले असायचे:

*वारा सुटला गच्चीवरी, वाळवण उडू पाहे*
*काळा दगड भाऊ माझा, पदर धरून राहे*

इतकी वर्षं कानांवर पडत होती. ऐकली कधी नव्हती.

फाटकाशी राजेश खुर्च्या मांडून घेत होता. चंद्रप्रकाशांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो आधी हसला, मग त्यांचा चेहरा बघून थांबला. हार आणलाय तो आता कुणाला घालू काका, एवढंच पुटपुटत फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला. चंद्रप्रकाश घरी गेले नाहीत. दगड घेऊन जिना चढू लागले. शेवंती मागून आली.

गच्चीवर जानकी वहिनी आणि बाकीच्या बायका कुरडया घालत होत्या. प्लास्टिकवर कुणी वीट ठेवली होती, कुणी कुंडी. जानकी वहिनींनी हातातला सोऱ्या न थांबवता वर पाहिलं.

"आला का आमचा काळ्या परत?"

म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवंतीसाठी सगळ्या गप्प होत्या, आणि संध्याकाळी टाळ्याही वाजवणार होत्या. चंद्रप्रकाशांचे कान तापले. वाटलं, आल्या पावली खाली जावं.

"मी पडताना बघितला नव्हता," ते म्हणाले. "हिनेपण नाही. खोटं माझं होतं. हिला मी बोलायला लावलं."

सोऱ्या थांबला. शेवंतीने तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला.

"बरं," जानकी वहिनी म्हणाल्या. "तो कोपरा उडतोय बघा. तिथे ठेवा."

चंद्रप्रकाश वाकले. प्लास्टिक फडफडत हातातून निसटत होतं. कोपरा नेमका कुठे दुमडायचा, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. शेवंती शेजारी येऊन बसली आणि तिने दुमडून दाखवला.