रिकाम्या खुर्चीची संमती

जिनिव्हात आमच्या बेटाची प्रतिनिधी मी एकटीच. मंगळवारी दहाच्या ठोक्याला व्यापार समितीच्या दोन बैठका होत्या. तळमजल्यावर सुक्या मासळीच्या तपासणीचा नियम आणि तिसऱ्या मजल्यावर बैठकांचं वेळापत्रक. आमचा अख्खा देश मासळीवर जगतो, म्हणून आधी खाली गेले, नियम अडवला आणि धापा टाकत वर पोचले. अध्यक्ष ओडरमाट कागद आवरत होते.

"थांबा, वेळापत्रकाला माझा विरोध आहे," मी म्हटलं.

"उशीर झाला, लेसिएलीबाई. ठराव एकमताने मंजूर झालाय."

"एकमताने? मी नव्हतेच की इथे!"

"म्हणूनच तर. जो इथे येऊन विरोध करत नाही, त्याची संमतीच धरतात, मग तो गैरहजर का असेना. जुनीच पद्धत आहे."

"अहो, बाई एक आणि खोल्या दोन! मी काय स्वतःला उभी चिरून घेऊ?"

"तुमच्यासारख्यांचाच विचार केलाय," म्हणत त्यांनी कौतुकाने ठरावाची प्रत माझ्या हातात ठेवली.

मी वाचली आणि कपाळावर हात मारला. लहान देशांच्या अडचणी ऐकून घेण्यासाठी यापुढे तिसरी बैठक भरणार होती. दर मंगळवारी, दहाच्या ठोक्याला.