रिकाम्या वर्गाचा आकडा

"मामा, तुम्हीही बाहेर जा. माणूस आवाज पितो."

"बाई, मी साधं पाणीसुद्धा बेतानं पितो," म्हणत शाळेचे शिपाईमामा बाहेर गेले आणि दार लावून तिथेच उभे राहिले.

सुट्टीचा दिवस. वर्गात आता ती, तिपाईवरचं यंत्र आणि पिशवीभर फुगे. आवाज थांबल्यावर खोलीत किती वेळ रेंगाळतो, हे मोजणं तिची नोकरीच होती. लोकांची सभागृहं मोजणारी ती आज लेकीचा वर्ग मोजत होती. चिमीच्या कानात मशीन होतं. जुन्या वर्गात तिचं बरं चाललं होतं. या नव्या, काचांच्या नि गुळगुळीत भिंतींच्या वर्गात आल्यापासून ती रोज सांगायची, "बाईंचा एक शब्द दुसऱ्यावर बसतो." वही कोरीच घरी यायची.

मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, म्हणाल्या होत्या, "आम्हाला तर सगळं स्वच्छ ऐकू येतं. तुमचा स्वभावच काळजीचा. पुरावा आणा, छताला आवाज शोषणाऱ्या मऊ फळ्या बसवू."

पुरावा असा हवा होता की कुणाला बोट ठेवायला जागा नको. म्हणून आल्या आल्या मागच्या भिंतीशी रचलेल्या व्यायामाच्या गाद्या तिच्या डोळ्यांत खुपल्या होत्या.

"या रोज असतात इथे?" तिने मामांना विचारलं होतं.

"छे! मोठ्या बाईंनी कालच आणवल्या. वर्ग जरा भरलेला दिसावा म्हणे."

गाद्या तर माणसाहून जास्त आवाज पितात. मोजायच्या दिवशी खोलीला नटवणारे तिने पुष्कळ पाहिले होते. चौदाच्या चौदा गाद्या दोघांनी ओढत व्हरांड्यात नेल्या होत्या.

मग पंखे बंद, खिडक्या बंद. रस्त्यावरून गाडी गेली की थांबायचं. फुगा फोडायचा आणि आवाज पार विरेपर्यंत श्वास धरायचा. यंत्राच्या सहा जागा, दर जागी तीन फुगे. मध्येच मामा दाराबाहेर शिंकले, तो फुगा तिने बाद करून दुसरा फोडला.

"एका शिंकेपायी?" मामा दाराआडून म्हणाले.

"एका शिंकेपायी."

आकडा आला सव्वा सेकंद. चिमीला अर्ध्याच्या आत हवा होता. अठरा वेळा मोजून कुठेही फारसा फरक नाही. पोर खोटं बोलत नव्हती! यंत्र खांद्याला लावून घरी जाताना ती चक्क गुणगुणत होती.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. चष्मा काढला.

"काम चोख आहे हं तुमचं. खोट काढायची सोयच नाही."

"मग फळ्या कधी बसवताय?"

"फळ्यांचं बघू पुढेमागे. पण हा वर्ग चिमीला योग्य नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. हे हातात असताना मी तिला तिथे कशी बसवू? उद्या जबाबदारी कुणाची? तिच्यासारख्यांची शाळा आहे ना, बसने तासाभरावर. दाखला तयार ठेवलाय."

"तुम्हीच म्हणालात, पुरावा आणा."

"आणलात ना!"

"वर्ग वाईट आहे, बाई. माझी मुलगी नाही."

"बाकीच्या मुलांची तक्रार नाही हो," बाई मायेने म्हणाल्या आणि दाखला पुढे सरकवला.

गाद्या अजून व्हरांड्यातच पडल्या होत्या. त्यांना वळसा घालताना तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. या आत असत्या तर आकडा पाऊण सेकंदाच्या आसपास आला असता. 'चालवून घेऊ' म्हणण्याइतका. चिमी राहिली असती, अर्धंमुर्धं ऐकत का होईना, पण आपल्या मैत्रिणीशेजारी.

मधली सुट्टी होती. मोठ्या बाईंनी आधीच सांगून ठेवल्यामुळे रिकाम्या वर्गात चिमी दप्तर भरत होती.

"आई, मी नीट ऐकत नाही म्हणून काढलं?"

"नाही गं. मी फार नीट मोजलं म्हणून," ती दारातूनच म्हणाली.

शब्द भिंतींवर आपटत फिरले. चिमीने मान वाकडी करून मशीनवर बोट ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. पट्टी राहिली बघ बाकावर."