लाल चष्म्यातली अकरा मिनिटे

मी एक जुना वेबकॅमेरा आहे, मित्रांनो, आणि गेले काही दिवस मला जराही स्वस्थता नाही. संगणकाच्या पडद्यावर चिमट्याने बसवलेला, मागे लोंबणारी वायर, कडेला टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा दिवा, असा माझा थाट. आपली कहाणी सांगणारे आधी जन्म सांगतात, म्हणून मीही सांगतो. पण खरे सांगू का, माझे सगळे लक्ष पुढच्या गोष्टीकडे लागले आहे.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझे भाग जोडले गेले. तपासणीच्या बाईने माझ्यातून आधी स्वतःलाच पाहिले, कपाळावरची बट मागे सारली आणि मला पास केले. मग खोके, अंधार, गोदाम. शेवटी एका मावशीने मला विकत घेऊन आपल्या धाकट्या बहिणीला पाठवले.

या दोघी बहिणी जन्मापासून बहिऱ्या. हातांनी बोलतात. धाकटी घड्याळे दुरुस्त करते. तिच्या घरात दाराची घंटा दाबली की भिंतीवरचा दिवा उघडझाप करतो. तिची कॉलेजात जाणारी लेक मात्र ऐकू शकते, आणि तिच्यासारखेच मीही या दोघींना आई आणि मावशी म्हणतो. लेक घरात हातांनी बोलते, बाहेर तोंडाने, आणि बडबड दोन्हीकडे सारखीच.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. रोज संध्याकाळी पाचला मावशी पडद्यावर यायची आणि दोघींचे हात असे सुटायचे की माझी तारांबळ उडायची. आई घड्याळाच्या काचा पुसायच्या मऊ कापडाने माझी काचही पुसायची. एकदा मावशी म्हणाली, “कॅमेरा पाठवला हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात शहाणं काम!” मी फुशारून गेलो.

पुढे लेकीने मला कामाला जुंपले. मित्रांनो, वेबवरच्या पानाला मला परस्पर वापरता येत नाही. आधी एक चौकट येते आणि विचारते, कॅमेरा वापरू का? मायक्रोफोन वापरू का? ‘फक्त या वेळी’, ‘दर वेळी’, ‘नको’ अशी उत्तरे समोरच असतात. पण लेकीचे बोट चौकट वाचण्याआधीच पडलेले असायचे. अभ्यासाचे पान आले, दर वेळी. केस रंगवून दाखवणारे आले, दर वेळी. मी आतल्या आत चुळबुळ करायचो, पण मला तोंड नाही. पापणीही नाही. दिवा तेवढा लावता येतो.

एका मंगळवारी तिने चष्म्याच्या दुकानाचे पान उघडले. आपल्या चेहऱ्यावर फ्रेम बसवून बघायची सोय होती. मायक्रोफोनला तिने ‘नको’ म्हटले आणि मैत्रिणीला फोनवर ऐटीत सांगितले, “आवाज नाही देत मी कुणाला. घरातलं बोलणं बाहेर जायला नको, एवढं कळतं मला.” कॅमेऱ्याला मात्र ‘दर वेळी’. मग आपला मेलचा पत्ता भरून लाल फ्रेम निवडली, त्यावर दुसरेच पान उघडले आणि बोलत बोलत ती बाहेर गेली. चष्म्याचे पान मागे चालूच राहिले.

या घरातले बोलणे आवाजात असते का? ते सगळे माझ्यासमोरच तर होते!

पाचला अकरा मिनिटे कमी असताना आई येऊन बसली. मावशीच्या हृदयाचे ऑपरेशन शुक्रवारी ठरले होते. तिला धीर कसा द्यायचा, याची आई एकटीच तालीम करू लागली. “ताई, घाबरू नकोस,” हात म्हणाले. मग पुसून टाकल्यासारखे हलले. पुन्हा, “ताई, काही होत नाही.” मग हात थांबले आणि ती रडू लागली. रडताना हात स्वतःशीच म्हणाले, “तू गेलीस तर मी कुणाशी बोलू?” खिडकीतले ऊन थेट माझ्यावर पडले होते. माझा दिवा तिला दिसला नाही.

मावशीला बोलवायला तिने वरचे पान बंद केले. मागे ती स्वतःच होती. ओले डोळे, लाल नाक, आणि नाकावर चमचमता लाल चष्मा.

लेक परत आली तेव्हा आईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. “कोण बघत होतं मला?”

“कुणी नाही गं! दुकानाचं पान आहे नुसतं. आणि आवाज बंदच होता...” लेकीचे हात मध्येच थांबले. आपण काय बोललो, ते तिला कळले. आईने काळी चिकटपट्टी आणून माझ्यावर दाबून बसवली.

मी तीन दिवस अंधारात काढले. त्या दिवसांत दोघी बहिणींचे बोलणे अक्षरे टाइप करून झाले.

शुक्रवारी सकाळीच मावशीचा कॉल आला. ती दवाखान्यातल्या खाटेवर होती, नर्स फोन धरून उभी होती. हे मला पुढे लेकीच्या बोलण्यातून कळले. आईने घाईने टाइप केले, “कॅमेरा बिघडलाय.”

मावशीने एका हाताने खूण केली, दुसऱ्याला सलाइन होते. “चष्मा काढून घेतलाय. अक्षरं दिसत नाहीत. हात दाखव ना.”

“पाच मिनिटं हं, मग न्यायचंय आत,” नर्स म्हणाली.

लेकीने धडाधड परवानग्यांची यादी उघडली. एकोणीस पाने निघाली. एकेक पान काढत तिने यादी रिकामी केली आणि आईला दाखवली. “बघ. आता कुणी नाही. मावशीच्या कॉललासुद्धा तुला विचारल्यावरच कॅमेरा मिळेल.”

आईने घड्याळदुरुस्तीच्या चिमट्याने पट्टी सोलली. चौकट आली. आईने ती सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. माझा जीव टांगणीला लागला होता. मग तिने ‘फक्त या वेळी’ निवडले.

काचेवर गोंद राहिला होता, सगळे धुरकट दिसत होते. तरी मी जीव ओतून ते हात पलीकडे पोचवले. तालमीतले एकही वाक्य आले नाही. “ताई, मला फार भीती वाटतेय,” आई म्हणाली.

मावशी हसली. “मलाही. बरं झालं बोललीस. सगळे नुसता धीर देतायत.”

रविवारी मावशी शुद्धीवर आली, आठवड्याने पडद्यावर आली. माझे काम पुन्हा सुरू झाले. पण लेकीला चष्म्याच्या दुकानाची मेल आली आहे. ‘ही फ्रेम तुम्हाला शोभून दिसते!’ असे लिहून त्यांनी आईचेच चित्र पाठवले आहे. डोळे ओले, हात अर्धवट उचललेले. लेकीने ते पुसून टाका म्हणून चार पत्रे लिहिली. उत्तर नाही. आईला तिने अजून सांगितलेले नाही. आई समोर बसली की ती नजर चुकवते.

मित्रांनो, ज्याला तुम्ही हो म्हणाल, त्याला मी सगळे दाखवतो. म्हणून चौकट आली की हात आखडता घ्या. तुमच्यामागून त्या खुर्चीत कोण येऊन बसणार आहे, याचा विचार करा. काम झाले की परवानगी काढून घ्या, आणि चूक झालीच तर घरच्यांना सांगा. आत्ता पाच वाजत आलेत. लेक दारात उभी आहे, सांगण्यासाठी तिने हात वर उचलले आहेत, आणि आईची अजून तिच्याकडे पाठ आहे.