उतारावर लावलेली गाडी

ओव्हरसियरला गावातला प्रत्येक उतार तोंडपाठ होता. याचं निम्मं श्रेय नगरपालिकेला आणि निम्मं त्याच्या मोटारसायकलीला.

नगरपालिकेत तो गटारांचं काम बघायचा. सांडपाण्याचा नळ जमिनीखालून नेताना त्याला ढाळ किती द्यायचा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत तो किती खाली उतरला पाहिजे, हे ठरवण्यात त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. ढाळ कमी पडला तर घाण जागेवरच बसते. फार झाला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. हे माणसांनाही लागू आहे असं त्याचं मत होतं, पण ते ऐकून घ्यायला ऑफिसात कोणी थांबत नसे.

मोटारसायकल दीडशे सीसीची, मरून रंगाची, सेकंडहँड. दातांच्या एका डॉक्टरने अकरा वर्षं फक्त घर ते दवाखाना अशी वापरलेली. डॉक्टरने विकताना तिचा एकही दोष लपवला नाही, कारण तेव्हा दोष नव्हते. ते सगळे नव्या मालकाच्या पदरी पडले. तिसऱ्या महिन्यात सेल्फ गेला. सहाव्या महिन्यात किकचे दाते झिजले आणि किक मारली की पाय नुसता हवेत उतरल्यासारखा खाली जायचा. एकदा चालू झाली की मात्र गाडी घोड्यासारखी पळायची. प्रश्न फक्त चालू होण्याचा होता.

त्यावर त्याने शोधलेला उपाय सोपा होता. गाडी उतारावर लावायची. निघताना तिला सोडून द्यायची, वेग आला की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडी एक उचकी देई आणि चालू होई.

हळूहळू त्याचा सगळा संसार उतारावर गेला. बँक त्याने बदलली, कारण जुन्या बँकेसमोर रस्ता सपाट होता. दाढी-केसांसाठी तो टेकडीखालच्या न्हाव्याकडे जाऊ लागला. तो न्हावी केस वाईट कापायचा, पण त्याच्या दुकानासमोरचा उतार अप्रतिम होता. ऑफिसात पाण्याच्या टाकीमागे एक उतरती फरशी होती, तिथे दुसऱ्या कोणी गाडी लावली तर तो त्या माणसाशी दिवसभर बोलत नसे. बायकोला उताराच्या वर बसवलं तर वजनाने वेग चांगला येई, पण ती एकदाच बसली. त्यानंतर ती उतार चालत उतरून तळाशी उभी राहायची आणि गाडी चालू होऊन आली की मगच बसायची.

"लोकांच्या बायका दारातून गाडीवर बसतात," ती म्हणायची. "मला बस पकडल्यासारखं वाटतं."

मेकॅनिक तर त्याला उतारसाहेबच म्हणायचा. "उतारसाहेब, अर्ध्या दिवसाचं काम आहे. सकाळी सोडा, दुपारी घेऊन जा."

"चाललंय की."

"चालतंय कुठे, घरंगळतंय."

"बघू पुढच्या महिन्यात."

तो पुढचा महिना तीन वर्षं आला नाही. ओव्हरसियर कंजूष नव्हता आणि आळशीही नव्हता. गावात एकच गल्ली अशी होती की जिच्यात, जिच्या तोंडाशी आणि जिच्या आसपास चार मिनिटं चालत जाण्याइतक्या अंतरात कुठेही उतार नव्हता. त्या गल्लीत त्याचा थोरला भाऊ राहत होता. मोडका सेल्फ आणि सपाट गल्ली या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की तिसरी गोष्ट कोणाला सांगावी लागत नव्हती.

ती तिसरी गोष्ट अशी. ओव्हरसियरचं सगळं लहानपण दादाच्या मागून आलं होतं. दादाचे शर्ट त्याच्याकडे कोपरं विरून आले. दादाचे बूट आले ते अंगठ्याशी भोक पडून. दादाची पुस्तकं आली ती उत्तरांखाली रेघा मारून, त्यातली काही उत्तरं चुकीची. दादाची सायकल आली तेव्हा तिला मागचा ब्रेक नव्हता. त्या सायकलीवर दादानेच त्याला शिकवलं होतं. कॅरिअर धरून मागून पळायचा आणि न सांगता कधीतरी सोडून द्यायचा. नेमका कधी, हे त्याला कधीच कळलं नाही.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर जेव्हा त्याने डॉक्टरकडून ती मोटारसायकल घेतली तेव्हा तो मनातून फार खूश होता. वापरलेली असली म्हणून काय, दादाने वापरलेली नव्हती. कागद हातात आले त्याच संध्याकाळी तो ती थेट दादाच्या दारात घेऊन गेला. दादा भूगोलाचा मास्तर, नुकताच निवृत्त झालेला. त्याने गाडीला एक चक्कर मारली, टाकीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "दुसऱ्याचं वापरलेलं वापरायची तुझी सवय काही गेली नाही."

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा ओव्हरसियर गल्लीच्या टोकाशी पोचला होता. त्या वेळी सेल्फ चालू होता.

त्यानंतर तो त्या गल्लीत फिरकला नव्हता. मग एका बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला आणि तो बायकोने घेतला. ती बराच वेळ नुसतं "हो का" म्हणत होती. फोन ठेवून ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"दादा आणि वहिनी रविवारी जाताहेत. मुलीकडे, कायमचे. घर रिकामं करून देताहेत. ट्रक सांगितलाय."

"बरं."

"बरं काय? त्या गावाहून दादा आता परत येणार आहेत थोडेच. जाऊन या एकदा."

"त्यांच्या गल्लीला उतार नाही."

"बसने जा."

"बस चौकापर्यंतच जाते."

"चौकातून चाला."

"गुडघा दुखतो."

"काल नव्हता दुखत."

"काल चौक नव्हता मध्ये."

बायको पुढे काही बोलली नाही. या घरात ती बोलायची थांबली की काहीतरी घडायचं, हे ओव्हरसियरला अनुभवाने ठाऊक होतं. पण गुरुवारी त्याला न्यायला ऑफिसची जीप आली, दिवसभर तो एका खड्ड्याच्या काठावर उभा राहून कंत्राटदाराशी ढाळावरून भांडला आणि घरची गोष्ट विसरून गेला.

गुरुवारी दुपारी बायकोने मोटारसायकल न्यूट्रलमध्ये घातली आणि गेटाबाहेर काढली. तिला गाडी चालवता येत नव्हती. पण घरापासून मेकॅनिकच्या दुकानापर्यंत सगळा उतारच होता, नवऱ्याने घर घेतानाच तसं बघून घेतल्यासारखा. ती नुसता पुढचा ब्रेक धरत, सोडत, शेजारून चालत गेली. वाटेत तिला दोन ओळखीचे भेटले आणि तिने दोघांना सांगितलं की गाडीला फिरवून आणतेय. संध्याकाळी नवरा यायच्या आत मेकॅनिक गाडी दारात आणून लावून गेला.

शुक्रवारी सकाळी ओव्हरसियर नेहमीप्रमाणे गाडीवर बसून पाय उचलणार, तेवढ्यात बायको दारातून म्हणाली, "घरंगळू नका. बटण दाबा."

त्याने दाबलं. गाडी जागच्या जागी चालू झाली. तो तिच्यावर बसून राहिला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"किकही नवी बसवलीय," बायको म्हणाली. "आता गुडघा तेवढा उरला. तो मेकॅनिकला जमत नाही म्हणाला."

शनिवारी सकाळी तो निघाला. दादाच्या गल्लीत वळताना त्याला सवयीने रस्त्याकडे बघावंसं वाटलं. या गल्लीखालचा नळ त्यानेच टाकला होता. जमिनीखाली सगळं पाणी त्याने दिलेल्या ढाळाने शिस्तीत वाहत होतं आणि वर रस्ता पाटीसारखा सपाट होता. दारात पुठ्ठ्याची खोकी रचली होती, आणि एका खोक्यावर दादा बसला होता.

"ये," दादा म्हणाला. "चहा घेणार की मागच्यासारखा निवायला ठेवायचा?"

"घेईन."

"तीन वर्षं झाली. आता नवाच करावा लागेल."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, त्यांचं ऐकू नका. तुमचा आवाज ऐकूनच आधण ठेवलंय."

"माझा आवाज?"

"गाडीचा हो. आमच्या गाडीसारखाच आहे ना."

दोघे भाऊ खोक्यांवर बसले. ट्रक किती वाजता येणार, आरसे कसे बांधले, मुलीच्या घराला बाल्कनी आहे का, हे सगळं झालं. मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही आणि दोघे गल्लीकडे बघत बसले. गल्लीतही काही नव्हतं.

"मागे एक वस्तू राहिलीय," दादा म्हणाला. "दुपारी भंगारवाला येतोय न्यायला. बघायची तर बघ."

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री होती. दादाने ती ओढली. खाली दीडशे सीसीची, मरून रंगाची मोटारसायकल उभी होती. दादाची जुनी. ओव्हरसियरने ती हजार वेळा पाहिली होती. पण भंगारात जाणाऱ्या गाडीच्या टायरांत हवा नसते, आणि या टायरांत होती. चेनला तेल होतं. टाकीत तोंड दिसत होतं.

"ही चालू आहे?"

"दर रविवारी करतो. दहा मिनिटं."

"तू चालवतोस?"

"डोळ्यांमुळे सोडली. तू तुझी गाडी दाखवायला आलास त्याच्या आधीच महिना-दोन महिने." दादाने ताडपत्रीची घडी घालायला सुरुवात केली. "मी तुला फोन केला होता, आठवतंय? गाडी घ्यायचं चाललंय कळलं तेव्हा. दोन महिने थांब म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. कशासाठी थांबायचं ते कुठे म्हणालास?"

"इंजिन खोललेलं होतं. टायर यायचे होते. सांगून काय करायचं? म्हटलं, आयुष्यभर याला माझं फाटकंतुटकं मिळालं. एक वस्तू तरी नीट करून हातात द्यावी." त्याने घडी चुकवली आणि ताडपत्री पुन्हा उलगडली. "तर तू दहाव्या दिवशी दारात हजर. हेच मॉडेल, हाच रंग. फक्त माझी नाही."

ओव्हरसियर शेडच्या दाराला टेकून उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांत त्याने तुंबलेले पुष्कळ नळ उघडले होते. बहुतेक वेळा आतून निघतं ते अगदीच किरकोळ असतं, एखादी चिंधी, एखादं झाकण.

"मी बघितलेल्या चार गाड्यांत हा रंग तेवढ्या एकीचाच होता," तो म्हणाला. "म्हणून घेतली. तुझ्यासारखी हवी होती."

दादाने पुन्हा घडी घालायला घेतली. ती या वेळी बरोबर पडली.

"भंगारवाल्याला फोन कर," ओव्हरसियर म्हणाला. "येऊ नको म्हण. उद्या सकाळी ट्रकच्या आधी येऊन मी नेतो."

"दोन गाड्या एकदम कशा नेशील?"

"एक आज नेतो. उद्या बसने येतो."

"बस चौकापर्यंतच येते."

"चालेन."

वहिनी चहाचे कप घेऊन मागे आल्या होत्या. "पण भावजी, दोन-दोन गाड्या ठेवणार कुठे?"

"उतारावर," ओव्हरसियर म्हणाला.

चहा त्याने संपवला. दुसरा कपही संपवला. दादा त्याला सोडायला दाराबाहेर आला. ओव्हरसियर गाडीवर बसला, चावी फिरवली, आणि त्याचा अंगठा उजव्या मुठीपाशी गेला. तिथे दोन बटणं होती. खालचं काळं बटण सेल्फचं, दोन दिवसांपूर्वी जिवंत झालेलं. वरचं लाल, इंजिन बंद करायचं. ते बंदवर असलं की सेल्फ मारा, किक मारा, ढकला, इंजिन काही चालू होत नाही.

अंगठ्याने लाल बटण खाली करून बंद केलं. मग काळं दाबलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं, आणि चेहरा जमेल तेवढा चिंताक्रांत केला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"जुना आजार आहे. इथे उतारही नाही."

"मग?"

"ढकलावी लागेल."

दादाने गाडीकडे पाहिलं, मग भावाच्या मुठीकडे पाहिलं. मग तो मागे गेला आणि दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं.

"दुसरा गिअर टाक," तो म्हणाला. "आणि समोर बघ. लहानपणापासून तुझी मान मागे."

गाडी हलली. ओव्हरसियरला मागून दादाच्या चपलांचा आवाज येत होता, आधी फटक-फटक, मग भराभर. श्वास ऐकू येत होता. दहा पावलं झाली, पंधरा झाली. त्याला वाटलं दादाला फार पळवू नये, आणि त्याने अंगठ्याने लाल बटण हळूच वर केलं आणि क्लच सोडला. गाडीने उचकी दिली आणि चालू झाली.

सायकलीला आरसा नव्हता. या गाडीला होता. त्यात त्याने पाहिलं तर दादाचा एक हात अजून कॅरिअरवर होता. चालू गाडीबरोबर तो चार पावलं तसाच पळाला, मग सुटला, आणि रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला.

ओव्हरसियरने वेग वाढवला नाही. आरशात दादा लहान होत होता. गल्ली संपायच्या जरा आधी दादाने उजवा हात वर केला. निरोपाचा हात हलवतात तसा तो हलला नाही. मूठ धरल्यासारखी बोटं मिटली, अंगठा तेवढा बाहेर आला, आणि त्या अंगठ्याने दादाने हवेतलं एक बटण आधी खाली केलं आणि मग वर केलं.

त्याच्याही गाडीला तेच लाल बटण होतं.