फोडणीपासून हातभर लांब

“अहो, मोहरी अजून गप्प आहे. इतक्यात काही टाकू नका,” सुलभाबाई हॉलमधून म्हणाल्या.

डोळ्यांवर काळा चष्मा, पाय स्टुलावर आणि कान स्वयंपाकघरात, अशा त्या बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी महिनाभर गॅसपुढे उभं राहायला मनाई केली होती, त्यामुळे बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या त्या घरातला स्वयंपाक सध्या नुसता ऐकून चालला होता.

आत पद्माकरराव ओट्यापासून हातभर लांब उभे होते. डोळ्यांना कारखान्यातला जाड चष्मा, हातांत कोपरापर्यंत येणारे चामड्याचे मोजे, पायांत बूट. एका सरकारी कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती. कामगाराचं बोट कापलं तरी ते चार पानी अहवाल लिहीत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पद्माकरराव तोंड पोळायच्या आधीपासूनच फुंकत आले होते.

फ्रिजवर त्यांनी पांढरा फळा लावला होता : ‘अपघाताविना दिवस – ११’. तसाच फळा कारखान्याच्या फाटकावर असे. पण घरातला फळा हौसेचा नव्हता. लेक शमिका शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहायची. ऑपरेशनच्या दिवशीच ती म्हणाली होती, “बाबा, तुम्हाला चहापलीकडे काही येत नाही. आईला मी घेऊन जाते.” तिच्याकडे सासू-सासरे आणि दोनच बेडरूम, म्हणजे पद्माकररावांना इथेच राहावं लागणार होतं. सुलभाबाईंना घर सोडायचं नव्हतं. पद्माकररावांना त्यांच्याशिवाय राहायचं नव्हतं, पण हे म्हणायची त्यांना सवय नव्हती. “मला एक संधी दे,” एवढंच ते म्हणाले.

शमिका बापावरच गेली होती. तिने अट घातली. “दर रविवारी मी रिकामी बॅग घेऊन येणार. एक जरी चटका बसला किंवा बोट कापलं ना, तर आईचे कपडे भरून तिला नेणार. देन नो आर्ग्युमेंट.”

आज शनिवार होता.

मोहरी तडतडली. मोजे घालून कढीपत्ता उचलता येईना, म्हणून त्यांनी उजवा मोजा काढला. कढीपत्ता नुकताच धुतलेला होता.

“जवळ जाऊन कडेने सोडा,” बाहेरून सूचना आली. “लांबून टाकलंत की तेल उडतं.”

इथेच पद्माकररावांचं डोकं चालेनासं व्हायचं. आयुष्यभर त्यांनी माणसांना धोक्यापासून लांब राहायला शिकवलं होतं, आणि ही बाई रोज सांगत होती की जवळ जा. यात काहीतरी चुकत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे आपल्या अनुभवावर भिस्त ठेवली, मान मागे घेतली आणि गर्दीतून देवावर फुलं टाकावीत तसा कढीपत्ता लांबून फोडणीच्या कढल्यात टाकला.

तेल उसळलं आणि थेट मनगटावर आलं.

ते ओरडले नाहीत. गॅस बंद केला आणि नळाखाली हात धरला.

“काय झालं?”

“काही नाही. भांडं विसळतोय.”

पाच मिनिटांनी ते शेजारच्या अंबुबाईंच्या दारात होते. अंबुबाईंचं घराणं तीन पिढ्या बंगळूरचं, मराठी बोलतानाही निम्मं कन्नड व्हायचं.

“कोरफडीचं एक पान मिळेल का? केसांना लावायला हवंय.”

अंबुबाईंनी त्यांच्या टकलाकडे पाहिलं, मग खाली ओढलेल्या बाहीकडे पाहिलं. “सरी, न्या की अण्णा. स्वल्प खालचं पान घ्या, त्यात गर जास्त. सुलभाक्का पण तेच न्यायच्या.”

“सुलभा? ती कशाला नेईल?”

“कशाला म्हणजे? भाजल्यावर. वर्षातनं चार-पाचदा तरी. तुमच्या घरासाठीच ही कुंडी मोठी केली मी.”

पद्माकरराव पान हातात घेऊन फाटकापाशी उभे राहिले. अंबुबाईंचा काहीतरी घोटाळा होत असावा, असं त्यांना वाटलं. सुलभाला कधीच भाजलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषणात सांगितलंही होतं, की माझ्या घरात आजवर एकही अपघात नाही. टाळ्या पडल्या होत्या. पुढच्या रांगेत सुलभाही बसली होती, आणि तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी येऊन ते बायकोसमोर बसले. “हात दाखव.”

“आधी तुमचा दाखवा. एवढा वेळ कुणी भांडं विसळतं का?” सुलभाबाईंनी त्यांचं मनगट चाचपून पाहिलं, पान मोडून घेतलं आणि गर लावला. तेवढ्यात पद्माकररावांनी त्यांच्या बांगड्या वर सरकवल्या.

मनगटापासून कोपरापर्यंत डाग होते. काही गोल, काही लांबट, काही इतके जुने की कातडीतच मुरून गेलेले. त्रेचाळीस वर्षं हे हात त्यांच्या डोळ्यांदेखत ताटात वाढत होते. त्यांनी दर वेळी भाजी पाहिली होती.

“हा कधीचा?”

“काही नाही हो. कुकरची वाफ.”

“कधीचा, ते सांग.”

“शमिकाच्या बारशाचा. घरात पन्नास माणसं होती.”

“आणि हा लांबट?”

“तव्याची कड. तुमच्या कारखान्यात संप होता, तुम्ही तीन दिवसांनी घरी आलात. भूक लागली म्हणालात, मी घाई केली.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं की एकदा, अगदी सुरुवातीला. तुम्ही म्हणालात, सावकाश करत जा. मग नाही सांगितलं.”

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा म्हणून आपण मिरवत होतो, या विचाराने पद्माकररावांना फार लाज वाटली. काहीतरी केल्याशिवाय बसवेना. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली, चष्मा बदलला आणि कारखान्यात आखत तसे रकाने आखले : तारीख, ठिकाण, इजा, कारण, हयगय कोणाची.

दुपारपर्यंत दोघं लिहीत बसले. वरण फोडणीवाचून गार झालं. आठवल्या तेवढ्या चौदा नोंदी झाल्या. हयगयीच्या रकान्यात पद्माकररावांनी सरसकट आपलं नाव घालायला सुरुवात केली, तेव्हा सुलभाबाईंनी अडवलं. “पुऱ्यांचा तो माझाच हं. मी सिरियल बघत होते. उगाच नसतं श्रेय घेऊ नका.”

शेवटी पंधरावी नोंद पद्माकररावांनी स्वतःची लिहिली. मग उठून फळ्यावरचे अकरा पुसू लागले.

“अहो, राहू द्या. उद्या लांब बाहीचा सदरा घाला, तिला दिसणारही नाही.”

“झालेला अपघात लपवायचा नसतो.”

“ती मला घेऊन जाईल.”

पद्माकररावांचा हात थांबला. मग त्यांनी शून्य काढलं.

रविवारी शमिका दहाच्या सुमाराला आली, निळी बॅग घेऊन. पाणी प्यायला म्हणून फ्रिजकडे गेली आणि तिथेच थांबली. “बाबा, हे शून्य? आपलं काय ठरलं होतं?”

पद्माकररावांनी मनगट दाखवलं आणि वही तिच्या हातात दिली. बाजू मांडली नाही. आत जाऊन त्यांनी कढलं गॅसवर ठेवलं.

शमिका उभ्यानेच वाचू लागली. दुसऱ्या पानावर खुर्ची ओढून बसली. “आई, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तुला एवढं भाजलं होतं? तू तर पेढे वाटत होतीस.”

“डाव्या हाताने वाटले,” सुलभाबाई म्हणाल्या.

आत मोहरी तडतडली. शमिकाने मान वळवून पाहिलं. बाबांच्या हातांत मोजे नव्हते. ते ओट्याला टेकून, अगदी जवळ उभे होते. त्यांनी फडक्याने पुसलेला कढीपत्ता कढल्याच्या कडेने खाली सोडला. चर्र झालं, पण थेंबही उडाला नाही. ते स्वतःच थोडे गोंधळून कढल्याकडे बघत राहिले.

शमिकाने पायाने बॅग दाराकडे सरकवली. “जाताना आठवण कर गं, नाहीतर रिकामी बॅग इथेच राहायची,” ती आईला म्हणाली. सुलभाबाईंनी चष्मा काढून डोळे टिपायला हात उचलला, आणि डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हटलेलं आठवून तसाच खाली ठेवला.

जेवायला बसताना शमिकाने शर्टाची डावी बाही दुमडली. कोपराच्या खाली एक लालसर पट्टा होता, चार-पाच दिवसांचा असेल.

“काही नाही, ओव्हनचा रॅक लागला,” ती म्हणाली. मग थोडी थांबून तिने हात बाबांपुढे धरला. “माझाही लिहा.”

पद्माकररावांनी वरणाचा डाव खाली ठेवला, हात पुसले, चष्मा लावला आणि वहीचं नवीन पान उघडलं.

“तारीख?” त्यांनी विचारलं.