अनीसच्या नावचा पास

चेनीच्या टोकाला लटकलेला प्लास्टिकचा मासा उलटा झाला होता, आणि तो सरळ करावा म्हणून सुरैय्यानं नख घातलं तर तो आणखीच अडकला — बोटाच्या पेरापेक्षा लहान, पांढरा, एका बाजूला डोळा असलेला. दुसऱ्या बाजूचा डोळा छापायचा राहूनच गेला होता. तिनं त्याला त्या आंधळ्या बाजूवर ठेवलं. गडद निळ्या नायलॉनचा, मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोहायचा पोशाख, ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात घडीतच राहिलेला, एकदाही न भिजलेला... मारियानं टॉवेल काढून द्यायला सांगितलं होतं. टॉवेल वरच होते. हात खाली कशाला गेला, कोण जाणे.

बाहेरच्या खोलीत हसणं फुटलं. तौहिदची नक्कल चालली असणार.

तौहिद म्हणजे सुनेचा भाऊ, स्टेशन रोडवर मोबाइलचं दुकान असलेला. आणि आजच्या दिवसापुरता तो अनीस होता. सुरैय्या टॉवेल घेऊन दारात आली तेव्हा तो कमरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून, अनीस खोकायचा तसा खोकत खोलीभर फिरत होता. मारिया ओढणीचं टोक तोंडात धरून हसत होती. सासू दिसल्यावर तिनं टोक तोंडातून काढलं, हसणं मात्र तसंच राहू दिलं.

“चलो अनीसमियाँ, गाडी आली,” अकील म्हणाला. अकील तिचा मुलगा. बापाच्या नावानं साल्याला हाक मारताना त्याचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, हे तिनं पाहिलं... म्हणजे ऐकलं.

अनीसला जाऊन वर्ष उलटलं होतं. पण पार्कवाल्यांच्या लेखी तो होता. नव्हती ती सुरैय्या.

हे सगळं ज्या पासांवरून झालं ते पास अनीसनंच काढायला लावले होते, लॉकडाऊनच्या आधी, घरच्या पाचही जणांचे — तो, ती, अकील, मारिया आणि नात मंतशा. सुरतेच्या वाटेवरचं पाण्याचं पार्क, घसरगुंड्या, लाटांचा तलाव, आणि मधोमध भला मोठा आकाशपाळणा. सुटीत जायचं ठरलं आणि सगळं बंद पडलं. पार्कवाल्यांनी कळवलं, पास वाया जाणार नाहीत, तारीख बदलून देऊ. दुसऱ्या उन्हाळ्यात तारीख बदलून घेतली, पुन्हा सगळं बंद. आणि त्याच उन्हाळ्यात अनीस... जन्मभर गाद्या भरल्या त्यानं, कापूस पिंजला, झोपेतसुद्धा त्याच्या भुवयांवर कापूस असायचा. आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून अकीलला सांगितलं, हे बघा, पिंजलेल्या कापसासारखं पांढरं दिसतंय ना, ते. अकीलनं घरी येऊन ते तसंच्या तसं सांगितलं. अशा वेळी सुद्धा तिला आत कुठेतरी हसू आलं होतं. कापसानं पुरता पगार घेतला, असं काहीतरी. कोणाला सांगणार?

आता या मेअखेर शेवटची संधी होती. नावं कळवा, नवी तारीख घ्या, नाहीतर पास रद्द. अकीलनं पार्कला फोन लावला आणि शाळा-कचेरीत बोलतात तसल्या मराठीत सांगितलं, “आमच्यातले अनीस वारले आहेत, ते एक नाव तेवढं कमी करा.” पासावर तिचं नाव होतं सुरैय्या अनीस मन्सुरी — आपल्याकडे बाईच्या नावाच्या पोटात नवऱ्याचं नाव असतंच, त्याला काय. तिकडच्या कोणीतरी अनीस शोधला, आणि जो आधी सापडला तो खोडला. आधी सापडला तो माझ्या नावातला.

मंतशानंच ते आधी वाचलं. चौथीतली पोर, बापाचा फोन घेऊन नाचत स्वयंपाकघरात आली. “दादी, दादी, तू मेलीस! यात लिहिलंय! आणि दादा आहेत!”

सगळे हसले. सुरैय्याही हसली. ती सगळ्यांत जास्त वेळ हसली, कारण तिला वाटलं की हसणं संपल्यावर कोणीतरी म्हणेल, लाव रे फोन, दुरुस्त करून घे.

अकीलनं फोन लावलाही. दुरुस्तीला वेळ लागेल म्हणाले, तोवर मुदत संपेल. मग घरात एक शांतता पसरली. वाईट नव्हे, सोयीची. सतरंजी अंथरल्यासारखी पसरली आणि एकेक जण तिच्यावर येऊन बसला. पासावर फोटो नव्हता, नुसतं नाव. नाव पुरुषाचं, तर पुरुषच हवा. तौहिद मोकळाच होता. “आणि अम्मी,” मारिया पोळपाट धुता धुता म्हणाली, “तुमचे गुडघे. ऊन केवढं. तिथं बसून काय करणार तुम्ही? आमचे कपडे सांभाळत बसाल.”

सांभाळत बसाल... सुनेला काय माहीत आपण कुठे नख घातलं ते.

सारंगखेड्याची जत्रा. लग्नाचं पहिलं वर्ष. तापीच्या अंगानं घोड्यांच्या रांगा, लीद आणि गूळ आणि उसाचा रस यांचा एकच झालेला वास, आणि धुरळ्याच्या वर, फार वर, लाकडी आकाशपाळणा कुरकुरतोय. अनीसनं दोघांचे पैसे दिले. ती बुरखा सावरून पुढं झाली तर तिची नणंद मध्ये शिरली — मी, भाईजान, मी आधी. तो नणंदेबरोबर बसला. पायातल्या चपला वरून पडतील म्हणून दोघांनी काढल्या आणि तिच्या हातात दिल्या. त्याच्या मोठ्या, टायरच्या तळाच्या; नणंदेच्या लाल पट्ट्यांच्या. ती खाली उभी. खालच्या पाळण्यात माणसं भरायला चक्र थांबलं तेव्हा ते दोघं अगदी वर होते. अनीस कठड्यावरून वाकला आणि ओरडून काहीतरी म्हणाला. वाऱ्यानं ते नेलं. ती घरी येईपर्यंत त्या न ऐकलेल्या वाक्यावर चालत आली — नवी नवरी होती, काय काय घातलं असेल तिनं त्या वाक्यात! घरी विचारलं. तो आठवून म्हणाला, “काही नाही ग. चपला सांभाळ, म्हटलं.”

पुढं सगळा जन्म तेच. त्याच्या आईचं दुखणं, नणंदेची बाळंतपणं, दुकानातला कापूस, पोरं... मी खाली उभी आणि हातात कोणाच्या ना कोणाच्या चपला. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती करायची कुठे?

आणि मग त्या वर्षी, पास काढले त्या दिवशी, त्यानं हा निळा पोशाख आणून तिच्या मांडीवर टाकला. वयाला न शोभणारी गोष्ट केल्यासारखा दुसरीकडे बघत म्हणाला, “तौहिद सांगत होता, तिथं लॉकर असतो. चपला त्यात ठेवायच्या. कुणी धरून उभं राहायचं नसतं.”

बस. एवढंच. पण त्याला आठवत होतं! चाळीसच्या वर वर्षं तो ते वाक्य बरोबर वागवत होता, आणि तिला वाटत होतं फक्त आपणच. त्या एका लॉकरसाठी तिला पार्कला जायचं होतं. पाण्यासाठी नव्हे, घसरगुंडीसाठी नव्हे. चपला लोखंडी कपाटात टाकायच्या, किल्ली मनगटाला बांधायची आणि रिकाम्या हातांनी पाळण्यात जाऊन बसायचं. त्याच्याशिवाय का होईना. हे मारियाला कसं सांगायचं? लॉकर बघायला चालले, असं?

पहाटे उठून तिनं आलूचे पराठे लाटले, वाटेपुरते, पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत म्हणून. 

“अम्मी, दार आतून लावून घ्या,” अकील गाडीत बसता बसता म्हणाला. तौहिदनं खिडकीतून हात बाहेर काढून, अनीसच्या आवाजात, “सुरैय्या, चाय!” असं ओरडून दाखवलं. गाडी हसत वळणावरून गेली. मंतशानं मागं वळून पाहिलं नाही. पोरं पुढं बघतात, ते बरोबरच आहे... बरोबर असलेल्या गोष्टी जास्त लागतात.

घर रिकामं झालं. ती आत आली आणि, कोणी पाहील असं काही नसतानाही खिडकीचा पडदा ओढून, तिनं तो पोशाख अंगावर चढवला. नायलॉन थंड होतं, मग लगेच गरम. पोटावर घट्ट, खांद्यांवर सैल. अनीसनं माप अंदाजानं घेतलं होतं, जुन्या सुरैय्याचं. चेन छातीपर्यंत आली आणि आंधळा मासा तिथं रुतून बसला. वर जाईना, खाली येईना.

“काय वं सुरैय्या, तू नही गयी का?”

शेजारची गजराबाई. वाळत घातलेल्या मिरच्या उलटवायला अंगणात आलेली असणार. मिरचीच्या ठसक्यानं तिचा आवाज कायम अर्धा खोकलाच असायचा. सुरैय्या पडद्यामागं गप्प उभी राहिली. मेलेलं माणूस ओ देत नाही. गंमत म्हणून तिनं ते करून पाहिलं, आणि ते सोपं निघालं.

“घरमाच शे तू, माले ठाऊक शे,” गजराबाई म्हणाली. “म्हातारीले कोन लई जास वं पानीमा? मन्हं पोऱ्यं त माले बाजारले बी नही लई जास.” मग मिरच्या खसखस उलटवत, “मरू दे. चहा कर, मी येस.”

सुरैय्यानं चहा केला नाही. गजराबाई काही आली नाही.

ती पोशाखातच पलंगावर बसली, तिनंच भरलेल्या... नाही, अनीसनं भरलेल्या गादीवर. समोर त्याचा जुना बटणांचा फोन. त्याचा नंबर अकील चालू ठेवत होता, कारण बँकेपासून गॅसपर्यंत सगळं त्याच नंबरावर होतं. नवरा गेला तरी त्याचा नंबर जाऊ शकत नाही, अशी घराची रचना होती. तारीख बदलताना पार्कवाल्यांचा ओटीपीचा आकडाही याच फोनवर आला होता. तिनंच वाचून दाखवला होता. वाटेतल्या खांडबाऱ्याहून मारियानं फोन करून कळवलं होतं की पराठे संपले, तौहिदनंच चार खाल्ले. अनीस दोनच्या वर खात नसे, असं काहीतरी सुरैय्या म्हणाली होती, आणि पलीकडून गाडीचा नुसता आवाज आला होता.

दुपार चढली तेव्हा फोन टुणकन वाजला. अनीसजी, आपले स्वागत आहे. खाली सहा आकडे. त्यांची मुदत फार थोडी, हेही लिहिलं होतं. तिनं वाचलं, आणि पाठोपाठ घंटी वाजली.

“अम्मी, अब्बांच्या फोनवर नंबर आलाय ना? इथं गेटवर परत मागतायत. लवकर वाचा.” अकील. मागं गर्दी, लाउडस्पीकर, पाण्याचा आवाज, आणि कोणीतरी रांगेतून ओरडतंय, पुढे सरका, नाहीतर बाजूला व्हा.

“थांब,” ती म्हणाली. “चष्मा बघते.”

चष्मा नाकावर होता.

“अम्मी, जल्दी! हा नंबर गेला तर परत पहिल्यापासून, आणि आज शेवटचा दिवस...” मग फोन ओढल्याचा आवाज, आणि मंतशा. “दादी! सांग ना! चपला बाहेरच काढायला लावल्यात, फरशी तापलीय, पाय भाजतायत माझे!”

“चपला कोणाकडे आहेत?” सुरैय्यानं विचारलं.

“काय?”

“चपला ग. सगळ्यांच्या. कोण धरून उभं आहे?”

“मीच! मामू म्हणाले तू लहान, तू सांभाळ. दादी, सांग ना!”

पोरीचा आवाज रडण्याच्या काठावर आला होता. सुरैय्याला तो काठ नीट ओळखता आला. माझ्याच नातीचे पाय, माझ्यासारखे रुंद, अंगठ्याशी वाकडे... ते एकाआड एक उचलत ती उभी असणार, हातांत चार जणांच्या चपला. आणि आपल्या आत काही कळवळत नाही, हे सुरैय्यानं जरा नवलानं पाहिलं. सहाच्या सहा आकडे तिच्या जिभेवर होते, पहिला दाताला टेकलेला. तोंड उघडलं की पडतील.

पण पलंगावर बसल्या बसल्या तिला उंचावरचा वारा लागत होता. चक्र थांबलं होतं आणि ती अगदी वर होती, पाळणा किंचित झुलत होता, निळं नायलॉन अंगाला चिकटून गार पडत होतं. किती लांबचं दिसतं इथून! खाली धुरळ्यात माणसं, मान वर करून तिच्याकडे बघणारी, ओरडणारी, हातात चपला घेतलेली. तोंडं हलत होती त्यांची, शब्द वारा नेत होता. इतकी लहान दिसत होती ती. अनीसलाही मी एवढीच दिसले असेन... त्यात त्याचा काही दोष नव्हता. वर बसलं की असंच दिसतं.

“दादी? दादी, आहेस ना?”

तिनं मोकळ्या हातानं माशाचं टोक धरून हळूच ओढलं. तो हलला नाही. तिलाही घाई नव्हती.

“आहे,” सुरैय्या म्हणाली. “थांब जरा. बघते.”