बाराव्या हुकाचं म्हणणं

मी एक जुना हूक आहे. तांब्याचा. माळेची दोन टोकं धरून ठेवतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने आपली दुर्दशा सांगून तुम्हाला रडवायचं, अशी रीत आहे. मी रडवणार नाही. मी अजून घट्ट आहे.

मला वहिनींनी घडवलं. दागिन्यांचं दुकान त्यांच्या धाकट्या दिरांचं. वहिनी तिथे पंधरा वर्षं नुसते मणी ओवत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "भाऊजी, हूकही मीच करते. मला ऐरणीपाशी जागा हवी."

"वहिनी, तुमचा हात मण्यांचा. हूक सुटला तर माळ गटारात, आणि मागोमाग माझं नाव!"

"आणि टिकला तर?"

"टिकला तर जागा तुमची."

माझ्याआधीचे अकरा टिकले नाहीत. पाच किलोचं वजन टांगलं की 'आ' वासायचे. वहिनी तार ठोकून कडक करायच्या आणि शेवटी जोडाला जाळ द्यायच्या. जाळ लागला की तांबं पुन्हा मऊ! भाऊजींना हे ठाऊक होतं. ते मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

(अकरा भावंडं भंगाराच्या डब्यात गेली. त्यांच्याविषयी एवढंच.)

अकरावा वहिनींनी चिमटीत दाबून पाहिला. "अगं बाई, हे तर लोणी!" म्हणून माझ्या वेळी त्यांनी क्रम उलटा केला. आधी जाळ. मग हातोडी. ठक. ठक. ठक.

दुखलं. दुखू दे.

वजन टांगलं. मी हललो नाही. भाऊजींनी खिळा तपासला, दोरी तपासली, वजनसुद्धा उचलून पाहिलं. मला तेवढं पाहिलं नाही.

"बरं, साधला हात," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकाला सांगायचं, मी केलाय. बाईचं काम म्हटलं की लोक बिचकतात."

"सांगा की," वहिनी म्हणाल्या, आणि मला एका निळ्या माळेला लावून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्याच दिवशी एक शिक्षिकाबाई आल्या. माळ आवडली. "हूक कुणी केला?"

"मीच," भाऊजी म्हणाले.

"उघडतो कसा?"

भाऊजींनी मला ओढलं. पिळलं. नख लावलं. माझ्यात अडकणारी कडी लांबट आहे. आडवी फिरवली तरच निघते. सरळ ओढलं तर मी कुणाच्या बापाला दाद देत नाही.

"तुम्हीच केलाय ना?" बाईंनी पुन्हा विचारलं.

भाऊजी खाकरले. कपाळ पुसलं. मग उठले आणि ऐरणीजवळचं स्टूल मोकळं केलं. "वहिनी, या. बसा इथे."

वहिनी बसल्या. "मी केलाय. मी दाखवते."

मित्रांनो, मला जपायचं तर मखमलीत पुरू नका. वापरा. घालण्याआधी एकदा ओढून बघा. आणि घडवलं कुणी, ते विचारा. खरं उत्तर मिळेपर्यंत सोडू नका.